कॅमेऱ्यातले हरवलेले सात दिवस

१

कॅमेरा झाडावर होता तिथंच होता. पट्टा घट्ट, बॅटऱ्या भरलेल्या, आतलं कार्डसुद्धा जागच्या जागी. चोरीला गेले होते ते फक्त सात दिवस.

सिस्टरनी कार्ड काढून पुन्हा कॉम्प्युटरला लावलं. शुक्रवारी कॅमेरा बांधला तेव्हापासून सोमवार दुपारपर्यंत एकेचाळीस फोटो होते. एक बगळा, तो पाच वेळा. शेजारच्यांचा बोका, तो आपलंच रान असल्यासारखा. गळ खांद्यावर टाकून चाललेले मासेमारी मंडळाचे सेक्रेटरी. दादांच्या पॅन्टचे गुडघे, हे तर अकरा फोटोंत, कारण दादा दर दोन तासांनी कॅमेरा ठीक आहे ना ते बघायला जायचे आणि कॅमेरा इमानदारीनं त्यांचाच फोटो काढायचा. मग सोमवारी दुपारी तीन वाजून बावीस मिनिटांनी काढलेला शेवटचा फोटो, आणि त्यात नुसता पिवळा रंग. कुणीतरी काहीतरी पिवळं अगदी भिंगाला चिकटवून धरावं तसा. त्यानंतर आजच्या सोमवारपर्यंत काही म्हणजे काही नाही. बगळा नाही, बोका नाही, गुडघेही नाहीत.

इथं सिस्टरबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. चौतीस वर्षं इस्पितळात काढून त्या निवृत्त झाल्या, त्यालाही सहा वर्षं झाली. पण गल्लीतली पोरंटोरं सोडाच, सख्खा थोरला भाऊसुद्धा त्यांना सिस्टरच म्हणायचा. पेशंट सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही, डॉक्टर म्हणतो त्यावरही नाही, तापाचा तक्ता बघायचा, ही त्यांची नोकरीतली सवय घरातही सुटलेली नव्हती. त्यामुळे घरात त्यांच्यापुढे थापा मारायची कुणाची टाप नव्हती.

हा थोरला भाऊ म्हणजे दादा. शाळेत आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेले मास्तर, वय चौऱ्याहत्तर. वरच्या मजल्यावर ते, खालच्या मजल्यावर सिस्टर. दोन महिन्यांपूर्वी दादा सकाळी घरामागच्या ओढ्यावर फिरायला गेले आणि धापा टाकत परत आले. ओढ्यात पाणमांजर बघितलं म्हणाले, पिल्लांसकट. आता त्या ओढ्यावर गेल्या तीस वर्षांत कुणी पाणमांजर बघितलेलं नव्हतं. लोकांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि दादांची पाठ वळल्यावर ते हसले. त्यात पुढच्या महिन्यात दादांनी एकदा नळ तसाच सोडला आणि एकदा किल्ल्यांचा जुडगा फ्रिजमध्ये ठेवला. झालं. त्यांची मुलगी पुलांची इंजिनीअर. तिनं नळ, किल्ल्या आणि पाणमांजर या तिन्हींची बेरीज केली.

मुलगी वाईट नव्हती हो. बापावर जीव होता म्हणूनच तिला धास्ती वाटत होती. हा कॅमेराही तिनंच आणला. समोरून प्राणी हलला की आपोआप फोटो काढणारा, जंगलात लावतात तसला. बांधून झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, दोन आठवडे. पुढच्या पुढच्या रविवारी मी येते. त्यात तुमचं पाणमांजर आलं तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही आलं तर तुम्ही माझ्याकडे राहायला यायचं. कायमचं.”

मानी माणूस. दादा लगेच हो म्हणून बसले.

आता त्यातले दहा दिवस उलटले होते, आणि हातात होती एक पिवळी चौकट. सिस्टर पडद्याकडे बघत होत्या. दादा मागं उभे होते. मग हळूच म्हणाले, “सिस्टर, मीच काहीतरी केलं असेन गं. बंदबिंद केला असेन आणि विसरलो असेन.”

त्यांचा आवाज ऐकून सिस्टर गर्रकन वळल्या. कारण दादांना ते खरंच वाटत होतं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर एकट्याच ओढ्यावर गेल्या. पेशंट तपासायचा तर नातेवाईक बाहेर, हा त्यांचा जुना नियम.

कॅमेरा बांधला त्या शुक्रवारी इथं चौघं होते. दादा, त्यांची मुलगी, सिस्टर आणि दादांचे शाळेपासूनचे मित्र भिंगोबा. भिंगोबा हे अर्थात दादांनी ठेवलेलं नाव. चौकातलं चष्म्याचं दुकान त्यांचं, आणि चाळीस वर्षं अख्ख्या गावाच्या नाकावर त्यांनी बनवलेल्या काचा. त्या दिवशी मुलगी एकेक गोष्ट समजावून सांगत होती. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर हवा, कारण पाणमांजर काही आपल्या उंचीचं नसतं. तोंड उत्तरेला हवं, म्हणजे ऊन थेट आत जाणार नाही. समोरचं गवत कापायचं, हलणारी फांदी बांधून टाकायची, नाहीतर वारा आला की दोनशे फोटो गवताचेच. वर फोटोचं भिंग, त्याच्याखाली दुधासारखी पांढरट, खरबरीत, बोटभर गोल खिडकी. “ही खिडकी पहारेकरी,” ती म्हणाली होती, “हिला चाहूल लागली की ही वरच्या भिंगाला उठवते.” दादा विळ्यानं गवत कापत होते. सिस्टर फांदी बांधत होत्या. भिंगोबा कॅमेऱ्यासमोर उकिडवे बसून, खिशातल्या मऊ फडक्यानं आपला चष्मा पुसत, त्या यंत्राकडे बराच वेळ बघत राहिले होते.

आता सिस्टरनी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. आतला खटका “चालू”वर होता. घड्याळ बरोबर होतं. बटण दाबून त्यांनी हातानं फोटो काढला, तर समोरच्या खडकाचा स्वच्छ फोटो निघाला. म्हणजे भिंग ठणठणीत. मग त्यांनी झाकण लावलं आणि कॅमेऱ्यासमोरून चालत गेल्या. परत आल्या. आणखी एकदा, जरा हात हलवत. कुणी बघितलं असतं तर दादांबरोबर यांनाही न्यायला गाडी आली असती. झाकण उघडून बघितलं, तर एकही फोटो नाही.

सिस्टर खाली वाकल्या आणि जवळून बघू लागल्या. भिंगावर धूळ नव्हती. खालची खिडकी इतकी लख्ख होती की तिच्यात त्यांना स्वतःची हनुवटी दिसली. कुठं ओल नाही, कोळ्याचं जाळं नाही.

एक गोष्ट मात्र नक्की झाली, आणि तिनं त्यांना हायसं वाटलं. दादांनी कॅमेरा बंद केलेला नव्हता. बंद केला असता तर खटका बंद असता, आणि घाईत चालू करून ठेवला असता तर निदान आत्ताचे त्यांचे हातवारे तरी टिपले गेले असते. कॅमेरा सात दिवस जागा होता. त्याला कुणीतरी असं काही करून ठेवलं होतं की तो जागा असून समोरचं बघत नव्हता.

कुणीतरी म्हणजे कोण? पिवळं काहीतरी घेऊन सोमवारी दुपारी तीन बावीसला इथं आलेलं कोण?

सिस्टर उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून त्यांनी ओढ्यापलीकडं नजर टाकली. पलीकडच्या काठावर मासेमारी मंडळाची पत्र्याची शेड होती. शेडच्या दाराशी खिळ्यावर एक रेनकोट वाळत टाकला होता, आणि तो हळदीपेक्षा पिवळा होता.

३

सेक्रेटरी शेडमध्ये बसून गळाच्या दोऱ्याचा गुंता सोडवत होते. अंगानं दणकट, मिशा भरघोस, आणि सभेत बोलायला उभे राहिले की बसायचं नाव घेत नाहीत, असा माणूस. सिस्टरना दारात बघून मात्र ते पटकन उठले. सोळा वर्षांपूर्वी त्यांचं अपेंडिक्स काढलं तेव्हा वॉर्डात सिस्टर होत्या. ज्या बाईनं आपल्याला शुद्धीवर येताना आईला हाका मारताना ऐकलंय तिच्यापुढे मोठेपणा चालत नाही.

“रेनकोट छान आहे,” सिस्टर म्हणाल्या.

“मागच्या महिन्यातला आहे.”

“मागच्या सोमवारी दुपारी घातला होता?”

“सोमवारी? सोमवारी कडक ऊन होतं की. उन्हात रेनकोट कोण घालतं, सिस्टर? आणि सोमवारी दुपारी आमची मंडळाची बैठक असते. दोन ते पाच. बारा माणसं साक्षीला आहेत, त्यातली चार जागी होती.”

सिस्टरनी मान हलवली. ऊन होतं हे त्यांनाही आठवलं. पण त्या जागच्या हलल्या नाहीत. माणूस काही लपवत असला की तो हातातलं काम सोडत नाही हे त्यांनी वॉर्डात हजारदा बघितलं होतं, आणि सेक्रेटरी इतका वेळ मान खाली घालून एकाच गाठीशी झटत होते.

“कॅमेरा तुम्हाला आवडत नाही, होय ना?”

“कॅमेऱ्याचं मला काय? खुशाल लावा.”

“मग पाणमांजर आवडत नाही.”

गाठ सुटली नाही. सेक्रेटरींनी दोरा बाजूला ठेवला. “सिस्टर, पुढच्या महिन्यात आमची स्पर्धा आहे. पाच गावांचे लोक येणार. इथं पाणमांजर आहे असा बोभाटा झाला तर स्पर्धा इथं घेऊ देणार नाहीत. दोन वर्षं धडपडून आम्ही ही जागा मिळवली.”

“म्हणून?”

“म्हणून मी कॅमेऱ्याला हात लावलेला नाही. आईशप्पथ. पण...” ते थांबले, मिशीवरून हात फिरवला. “त्या खडकावर सकाळी माशांची डोकी पडलेली असतात. अर्धवट खाल्लेली. खवले, आणि चिखलात पायाचे ठसे. बोटांमध्ये पडदा असलेले. मी रोज सगळ्यात आधी जातो आणि ते पाण्यात ढकलून ठसे पुसून टाकतो.”

सिस्टरना राग यायला हवा होता, आणि आलाही, पण त्याच्याआधी दुसरंच काही आलं. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि मटकन बसल्या.

“रोज?” त्यांनी विचारलं. “गेले सात दिवससुद्धा?”

“काल सोडून रोज. कॅमेरा बांधल्यावर पहिले तीन दिवस तेवढं काही नव्हतं, माणसांच्या वासानं बुजलं असेल. कालच्या आदल्या दिवशी तर चार डोकी होती.”

म्हणजे दादांना भास होत नव्हते. दादांचं डोकं ठिकाणावर होतं. ते जनावर सात दिवस त्या कॅमेऱ्यासमोर बसून मासे खात होतं.

“हे सगळं तुम्ही दादांच्या मुलीला सांगाल?” सिस्टरनी विचारलं.

“सांगतो. पण ऐकेल का ती? ठसे तर मीच पुसलेत. दादांची बाजू घेतोय म्हणेल.”

ते खरं होतं. ती इंजिनीअर होती. तिला फोटो हवा होता, आणि रविवारला पाच दिवस उरले होते.

४

दुपारी सिस्टरनी भाचीला फोन लावला. आपल्याच भाचीवर संशय घ्यायचा म्हणजे जिवावर आलं होतं, पण यंत्र तिनं आणलं, अट तिनं घातली आणि कॅमेरा फसला तर हवं ते तिलाच मिळणार होतं. तक्ता बघायचा तर सगळाच बघायला हवा.

“आत्या, मी?” भाची म्हणाली. “बाबांसाठी खोली लावून ठेवलीय मी, हे खरंय. खिडकीशी पलंग टाकलाय. पण दर रात्री झोपताना मला वाटतं, येऊ दे बाई ते एकदाचं जनावर. बाबा वेडे ठरलेले मला हवे असतील का?”

सिस्टरनी माफी मागितली. फोनवर मागायला सोपी जाते.

“बरं, मला एक सांग. बटण दाबलं की फोटो येतो, पण समोरून गेलं की येत नाही. असं कशानं होईल?”

“मग बिघाड खालच्या खिडकीत आहे. वरचं भिंग उजेडानं बघतं, आपल्या डोळ्यांसारखं. खालच्या खिडकीचा उजेडाशी संबंध नाही. तिला ऊब कळते. गरम अंगाचं काही समोरून हललं की तिला समजतं. म्हणून तर गार पान पडलं तर फोटो येत नाही, पण उन्हानं तापलेली फांदी हलली किंवा उंदीर गेला तरी येतो. पुस्तिकेत चित्र आहे बघ.”

पुस्तिका खणात होती. सिस्टर ती उघडून बसल्या तोवर साडेपाच झाले आणि रोजच्यासारखे भिंगोबा चहाला आले. दादा वरून खाली उतरले. दोन दिवसांत ते एकदम वाकल्यासारखे दिसत होते. खुर्चीत बसताना म्हणाले, “मुलीकडे गेलो की तिथं दुर्बीण न्यावी म्हणतो. पक्षी असतील थोडेफार.”

भिंगोबांचा चहाचा कप ओठांपाशी थांबला. “तू कुठं जात नाहीस,” ते म्हणाले.

“अट आहे ती.”

“खड्ड्यात गेली अट. येईल तुझं जनावर. आता फोटोही स्वच्छ येईल.” आणि बोलता बोलता त्यांनी दादांच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, खिशातून फडकं काढलं आणि नेहमीच्या सफाईनं काचा पुसू लागले. दादांनीही नेहमीप्रमाणे आंधळ्या कोशिंबिरीतल्या गड्यासारखा चेहरा पुढे करून ठेवला. ही सेवा चाळीस वर्षांची होती. भिंगोबा कुणाच्याही घरी गेले की समोरच्याची मळकी काच त्यांना बघवत नसे. तुम्ही हात धुवायला गेलात तर परत येईपर्यंत तुमच्या चष्म्याचा ढिला स्क्रू आवळलेला असायचा, आणि भिंगोबा दुसरीकडंच बघत बसलेले असायचे. आभार मानले तर रागवायचे.

सिस्टर त्या फडक्याकडे बघत होत्या. मऊ, जुनं, हातभर फडकं. पिवळं.

मग त्यांनी मांडीवरच्या पुस्तिकेतल्या चित्राकडे बघितलं. भिंगाखालची खिडकी चित्रात पांढरट होती, तिच्यावर मधमाशांच्या पोळ्यासारख्या बारीक रेघा होत्या. शुक्रवारी ती तशीच होती, दुधासारखी आणि खरबरीत. आणि आज सकाळी त्याच खिडकीत सिस्टरनी स्वतःची हनुवटी बघितली होती.

“चहा निवतोय, सिस्टर,” भिंगोबा म्हणाले.

“निवू दे,” सिस्टर म्हणाल्या.

५

बुधवारी सकाळी सिस्टरनी भिंतीवरची एक तसबीर उतरवून तिची काच काढली. इस्त्री तापवली. तापलेली इस्त्री गालापासून वीतभर अंतरावर धरली, तर गाल लगेच शेकला. मग मधे काच धरली. इस्त्री तशीच समोर दिसत होती, तिच्यावरचा ओरखडासुद्धा दिसत होता, पण गालाला काहीच लागेना. काच काढली, ऊब आली. काच धरली, ऊब गेली. त्यांनी तीन वेळा करून बघितलं आणि इस्त्री बंद केली. मग काच कागदात गुंडाळून पिशवीत टाकली आणि चौकात गेल्या.

दुकानात त्या वेळी गिऱ्हाईक नव्हतं. भिंगोबा काच घासायच्या यंत्रापाशी बसले होते. सिस्टरनी दार लोटून घेतलं.

“मागचा सोमवार,” त्या म्हणाल्या. “तुमचं दुकान सोमवारी बंद असतं. तुम्ही चहाला येता ते ओढ्याच्या वाटेनं. त्या दिवशी जरा लवकर निघालात. तीन बावीसला तुम्ही झाडामागून हात पुढं करून तुमच्या फडक्यानं खालची खिडकी पुसत होतात. तुमचा फोटो आलाय, म्हणजे तुमच्या फडक्याचा.”

भिंगोबांच्या चेहऱ्यावर काय यावं? लाज आली, पण कशी, तर चोरून केलेलं चांगलं काम उघडकीला आल्यावर येते तशी. “आला का फोटो?” ते म्हणाले. “मला नव्हतं सांगायचं. पाणमांजर आलं की मग सांगणार होतो. काय भिकार काच लावली होती हो त्या लोकांनी. पुसली, पुसली, पण धुरकट ती धुरकट. वर चरे पडलेले. दादाची सगळी भिस्त त्या यंत्रावर, आणि त्याच्या डोळ्यात हा मोतीबिंदू. मग खटका बंद केला, खिडकी अलगद सोडवली, दुकानात आलो, माप घेतलं. माझ्याकडं होती त्यातली सगळ्यात चांगली काच कापली. अशी गोल कापायला मला एक तास लागला. संध्याकाळी चहाच्या आधी बसवून खटका लावून टाकला. जोड कळतसुद्धा नाही.”

“नाही कळत,” सिस्टर म्हणाल्या. “मी नाकाला नाक लावून बघितलं तरी कळला नाही. तुमच्याकडं इस्त्री आहे?”

इस्त्री नव्हती, पण फ्रेम वाकवायची गरम हवेची मशीन होती. तिची तापलेली जाळी पुरे झाली. सिस्टरनी त्यांना गाल पुढे करायला लावला, मग मधे तसबिरीची काच धरली.

भिंगोबा हुशार माणूस. दुसऱ्यांदा काच धरायची वेळ आली नाही. त्यांनी स्वतःचा चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

“त्या खिडकीला बघायचं नव्हतंच,” सिस्टर मऊ आवाजात म्हणाल्या. “तिला ऊब लागते. ते चरे नव्हते, ऊब गोळा करायच्या रेघा होत्या. ते पांढरट प्लास्टिक ऊब आत सोडतं. तुमच्या काचेतून सगळं दिसतं, फक्त ऊब तेवढी बाहेर राहते.”

“म्हणजे सात दिवस...”

“सात दिवस जनावर येत होतं. सेक्रेटरींनी ठसे बघितलेत.”

“आणि दादा मला म्हणत होता की माझं डोकं फिरलंय बहुतेक,” भिंगोबा म्हणाले, “आणि मी त्याला सांगत होतो की थांब, येईल. मीच केलं हो हे. त्याच्यासाठी करायला गेलो आणि त्यालाच घालवायला निघालो.” त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

“ती जुनी खिडकी टाकून दिलीत का?”

“गिऱ्हाइकाची वस्तू मी कधी टाकत नाही.” त्यांनी खण उघडला. शेकडो छोट्या पाकिटांतून एक काढलं. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, “दादाचा कॅमेरा. मूळ काच. खराब.”

सिस्टरनी ते हातात घेतलं. त्यांनी वाटेत ठरवून ठेवलं होतं तसं सांगितलं, “दादाला मी सांगते, बॅटरीची तार सैल होती म्हणून.”

“नाही,” भिंगोबा म्हणाले. “तो स्वतःवर संशय घेऊन बसलाय. कुणी केलं ते त्याला नावानिशी कळायला हवं.” आणि भर बाजाराच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दुकानाला कुलूप लावलं.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. भिंगोबा उभ्यानं बोलत होते, शाळेतल्या पोरासारखे. संपल्यावर दादा म्हणाले, “म्हणजे मी नव्हतो.”

“नव्हतास.”

“मी बंद केला नव्हता. मी काही विसरलो नव्हतो.”

“नाही रे बाबा. मी गाढव आहे.”

“ते मला सहावीपासून माहीत आहे,” दादा म्हणाले, आणि मग ते हसायला लागले. इतके हसले की खोकला आला, खोकल्यातून पुन्हा हसले, आणि सिस्टरना पाणी आणायला जावं लागलं. पाणी आणता आणता त्या स्वतःही हसत होत्या. भिंगोबा मात्र अर्धा तास हसले नाहीत. मग तेही हसले.

दुपारी तिघांनी ओढ्यावर जाऊन मूळ खिडकी बसवली. भिंगोबा कॅमेऱ्यासमोरून बाजूला व्हायच्या आत त्यांचे तीन फोटो निघालेले होते.

६

रविवारी सकाळी मुलगी आली. गाडीत मागं दोन रिकाम्या बॅगा होत्या. त्या तिनं गाडीतच ठेवल्या, पण सिस्टरनी बघितल्या.

बुधवारपासून कार्डाला कुणी हात लावलेला नव्हता. तिच्यासमोरच उघडायचं, असा दादांचा हट्ट होता. सेक्रेटरी आपण होऊन आले होते आणि सगळं सांगून दाराशी उभे होते. स्पर्धेसाठी खालच्या पुलाजवळची जागा बघून आलो म्हणाले. मुलीनं त्यांचं नीट ऐकलं, भिंगोबांचंही ऐकलं. पण तिच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. माणसं चांगली होती, सगळी बाबांवर माया करणारी होती, आणि नेमकं तेच तिला पटायला अवघड जात होतं.

कार्डात तीनशे बारा फोटो होते. ती कॉम्प्युटरपुढे बसली. दादा मात्र खिडकीपाशी गेले आणि सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले.

“बाबा, इकडं या ना.”

“मी नाही बघणार. तू बघ. मला जे दिसतं ते मी सगळ्यांना सांगून झालंय. आता तुला काय दिसतं ते तू सांग.”

बोका. बगळा. वाऱ्यानं सुटलेली फांदी, तिचेच सत्तर. पुन्हा बोका. खोलीत फक्त माऊसचा आवाज. भिंगोबांनी सिस्टरचा हात कधी धरला ते दोघांनाही कळलं नाही. शुक्रवार संपला. शनिवारचे फोटो सुरू झाले, पहाटेचे, करडे.

माऊसचा आवाज थांबला.

दादांची पाठ ताठ झाली, पण ते वळले नाहीत. “काय आहे?” त्यांनी विचारलं.

“खडक आहे,” मुलगी म्हणाली. “खडकावर एक प्राणी आहे. लांबट. अंग ओलं आहे. शेपूट जाड, टोकाकडं निमुळती. मिशा आहेत. तोंडात मासा आहे.”

“पुढे.”

“मागं पिल्लं आहेत, बाबा.”

“किती?”

तिनं बोट पडद्याला लावून मोजली. “तीन.”

“तीन?” दादा वळले. “मला दोनच दिसली होती.”

ते आले, तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकले आणि बघू लागले. तिसरं पिल्लू आईच्या शेपटीआड होतं, नुसतं डोकं वर काढून. दादांनी ते बराच वेळ बघितलं. दाराशी उभे असलेले सेक्रेटरीसुद्धा पडद्यापाशी सरकले.

“चुकलंच माझं,” मुलगी म्हणाली.

“नाही चुकलं. मीच माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं सोडून दिलं होतं.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “किल्ल्या मात्र मीच फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या हां. त्याचं खापर भिंगोबावर नको.”

ती रडता रडता हसली. मग नाक पुसून उठली. “बाबा, मला तिथं नेता? कुठं उभं राहायचं ते दाखवा.”

“आत्ता दिसणार नाहीत. दिवस वर आलाय.”

“मग उद्या पहाटे जाऊ. मी राहते आज.”

दादांनी तिच्याकडे नखशिखान्त बघितलं, सहलीला निघालेल्या वर्गाकडे बघायचे तसं. “उद्या साडेपाचला तयार राहायचं,” ते म्हणाले. “हे पिवळेधमक कपडे चालणार नाहीत. अत्तर लावायचं नाही. फोन घरी ठेवायचा. आणि मी हात वर केला की जिथं असशील तिथं थांबायचं, काय?”

“हो, सर,” मुलगी म्हणाली, आणि रिकाम्या बॅगा गाडीतच ठेवून आत्याकडं उद्यासाठी मळकट रंगाचे कपडे मागायला गेली.